पाच व्होल्टचा वारा

सकाळचे ऊन त्या घरात सरळ कधी येत नसे. आधी ते वाडीच्या पूर्वेकडच्या ताडांच्या शेंड्यांवर थांबे, मग केळीच्या पानांवर उतरे, आणि पानांतून गाळून निघाल्यासारखे हिरवट होऊन विहिरीच्या कठड्यावर येऊन बसे. तिथे त्याला कसलीच घाई नसे. कठड्यावर रात्रीचा ओलावा असे. तो सुकेपर्यंत ते तिथेच रेंगाळे. मग केव्हातरी, आपले लक्ष नसताना, ते खिडकीच्या गजांमधून आत आलेले असे. लाल कोब्याच्या जमिनीवर त्याच्या चार पट्ट्या पडत. पहिली बाबांच्या आरामखुर्चीच्या पायाशी, दुसरी त्यांच्या चपलांवर, तिसरी पाण्याच्या तांब्यापाशी. आणि चौथी मुकाट्याने भिंत चढू लागे. ती आईच्या तसबिरीच्या काचेला टेकली की सात वाजत, आणि वीज जाई.

सुजय त्या क्षणाची वाट पाहत खिडकीशी उभा होता. छताचा पंखा एकदा कण्हला. त्याची पाती आधी वेगवेगळी दिसू लागली, मग मोजता येऊ लागली, आणि शेवटी तीनही थांबली.

"गेली," बाबा म्हणाले.

"अजून दोन मिनिटं आहेत सातला."

"त्यांचं घड्याळ पुढंच असतं. माझ्या नोकरीपासून बघतोय."

बाबांनी नोकरी अशी कधी केलीच नव्हती, पण हा विनोद ते रोज करत आणि सुजय रोज हसे. पंखा थांबला की घरात आधी शांतता येई आणि तिच्या मागोमाग बाबांचा श्वास ऐकू येऊ लागे. रात्रभर तो पंख्याच्या आवाजाखाली झाकलेला असे. आता तो उघडा पडे : लांबून कुणी ओले लाकूड कापत असावे, तसा.

खुर्चीसमोर एक स्टूल होते. स्टुलावर पडदा फुटलेला एक लॅपटॉप, त्याच्याखाली जाड पुठ्ठा, आणि शेजारी, लाकडाच्या दोन तुकड्यांत उभा केलेला, तळहाताएवढा काळा चौकोनी पंखा. कुठल्याशा मेलेल्या कॉम्प्युटरच्या पोटातून तो सुजयने काढला होता. पंख्याच्या तांबड्या-काळ्या तारांना त्याने एका निकामी माऊसची शेपटी जोडली होती. शेपटीच्या टोकाला यूएसबीची पिन. पंख्याची तिसरी, पिवळी तार नुसतीच लोंबत असे.

सुजयने लॅपटॉपचे बटण दाबले. पाच मिनिटे थांबला. हिरवा दिवा स्थिरावल्यावर त्याने पिन आत सरकवली. पंखा शहारला, पण फिरला नाही. तो बारा व्होल्टवर धावायला घडलेला होता आणि इथे त्याला पाचच मिळत होते. सुजयने तर्जनी पुढे केली आणि पात्याला हलकेच ढकलले. पंखा एक फेरा फिरला, दुसऱ्याला अडखळला, तिसऱ्यानंतर मात्र फिरतच राहिला.

आवाज काहीच नव्हता. उन्हाची पट्टी पात्यांमधून पलीकडे जाताना तुटत होती, जुळत होती, आणि भिंतीवर सात पाकळ्यांचे एक करडे फूल सावकाश गरगरत होते. त्या फुलाकडे पाहताना सुजयला वेळ कळत नसे. आपण पाण्याखाली आहोत, वर कुठेतरी कुणीतरी वल्हे मारत चालले आहे, असे त्याला वाटे. ते पाहत तो तासभरही उभा राहिला असता.

"येतो का?" त्याने विचारले.

"येतो की."

"जरा पुढे सरकवू?"

"राहू दे. बरा हाय तिथं."

बाबांनी डोळे मिटून चेहरा पंख्याकडे केला. पांढऱ्या दाढीच्या खुंटांवर ऊन आले. सुजयने डबा पिशवीत टाकला आणि आठला दहा कमी असताना, समाधानाने, तो वसईला दुकानात जायला निघाला.

*

निर्मळपासून आगाशीपर्यंतच्या वाड्यांमध्ये बाबांना, नरहरी मिस्त्रींना, ओळखत नाही असे म्हातारे माणूस सापडले नसते. चाळीस वर्षे त्यांनी विहिरींवरच्या पंपांच्या मोटारी भरल्या. जळालेली तार उचकटायची, नवी तांब्याची तार वेटोळ्या-वेटोळ्यांनी बसवायची, वॉर्निशात बुडवायची आणि पत्र्याच्या पेटीत शेगडीवर भाजायची. वॉर्निशाचा तो गोडसर, डोक्यात चढणारा वास आईच्या लुगड्यांनाही येत असे. आई गेली, वास बाबांच्या छातीत राहिला. डॉक्टरांनी एक्स-रेतल्या पांढऱ्या जाळीवर पेनाचे टोक ठेवून तो दाखवलाही होता.

लहानपणी सुजय सुट्टीत त्यांच्याबरोबर सायकलवर जाई. संध्याकाळी व्होल्टेज पडले की मोटार नुसती गुणगुणे, फिरत नसे. मग बाबा शाफ्टला हाताने झटका देत आणि ती धावू लागे. पात्याला बोट लावायची युक्ती सुजयकडे तिथूनच आली होती. पण बाबा तेवढ्यावर कधी निघत नसत. वाडीचा मालक घरात बसून मोटारीचा आवाज ऐकतो आणि केळीला पाणी जाते आहे असे समजतो; इकडे विहिरीतला व्हॉल्व्ह गळत असतो आणि पंप कोरडाच फिरत असतो. असे किती मळे सुकलेले त्यांनी पाहिले होते. "मोटार फिरते म्हणजे पाणी चढतं असं नाय," ते पाइपाच्या तोंडाशी उकिडवे बसून म्हणत. "आवाज ऐकून घरात बसायचं नाय. धारेखाली हात धरायचा." आणि पाण्याची पहिली गार चूळ हातावर आल्याशिवाय ते हत्यारे पिशवीत भरत नसत.

मार्चमध्ये बाबांना दम्याचा मोठा झटका आला. गोरेगावला दिलेली सुजयची थोरली बहीण, पूर्वी, त्याच दिवशी आली आणि बाबांना घेऊनच जायचे म्हणून अडून बसली. "आमच्याकडे लाइट जात नाही बाबा. पंखा कधी थांबत नाही. डॉक्टर खालच्या मजल्यावर आहे." बाबांनी खिडकीबाहेर सोनचाफ्याकडे पाहिले, मग सुजयकडे, आणि म्हणाले, "मे महिना जाऊ दे. पाऊस लागेपर्यंत परत दम उपटला नाय तर मी हितंच राहणार. उपटला तर तू म्हणशील तिथं." पूर्वीला ते कबूल करावे लागले.

वाईट वेळ सकाळच्या भारनियमनाची, सात ते नऊचीच होती. रात्रीचा जमिनीवरचा वारा तेव्हा पडलेला असे आणि कळंबच्या किनाऱ्याकडचा खारा वारा दहाच्या आत वाडीत शिरत नसे. मधल्या त्या थिजलेल्या दोन तासांसाठी सुजयने तो पंखा केला. तेहतीस वर्षांचा, अबोल, बिनलग्नाचा माणूस. त्याने आयुष्यात कुणासाठी पहिल्यांदाच काही घडवले होते.

*

"काय रे सुज्या, पवनचक्की फिरते का?" सॅन्टनने विचारले.

सॅन्टन दुकानाचा मालक. वसईच्या बाजारपेठेत त्याची ही एकच खोली. तीत उघड्या पोटाचे कॉम्प्युटर सगळीकडे रचलेले. हा माणूस बोलल्याशिवाय स्क्रूसुद्धा पिळत नसे.

"फिरते."

"वारा येतो?"

"बाबा म्हणतात येतो."

"बाबा म्हणतात! अरे, पाच व्होल्टवर त्या पंख्यावर मच्छर बसून झोका घेत असतील. ए, खरंच सांगतो." सॅन्टनने टेबलाखालून एक काळी, विटेसारखी बॅटरी पायाने पुढे सरकवली. "यूपीएसमधली हाय, चांगली हाय. बारा व्होल्ट. ही ने, लाव. भणभण फिरेल."

सुजयने बॅटरीकडे पाहिले. ती नेणे म्हणजे बाबांसमोर जुनी तार सोडवून नवी जोडणे. म्हणजे इतके दिवस जे होते ते पुरेसे नव्हते, असे म्हणणे. भरधाव पंख्याची कर्कश घरघर त्याच्या कानात आली आणि भिंतीवरचे ते संथ फूल विस्कटून गेले.

"नको," तो म्हणाला. "बाबांना आवाज सहन होत नाही."

"तुझी मर्जी. पन बॅटरी हितंच हाय, काय? मी विकत नाय कोनाला." सॅन्टनने बॅटरी पायानेच परत टेबलाखाली ढकलली. "आमची कॅथरिन म्हनते, सुजयला एखादी पोरगी बघा, नायतर तो पंख्याशी लग्न करेल."

सुजय हसला आणि खाली मान घालून कुणाच्या तरी कीबोर्डमधले बिस्किटाचे कण ब्रशने झाडू लागला.

*

मेच्या दुसऱ्या शनिवारी पूर्वी सकाळीच आली. रिक्षातून उतरली तेव्हा वीज गेलेली होती आणि पंखा फिरत होता.

"हे काय आहे?" तिने विचारले.

"सुजूनं केलंय," बाबा अभिमानाने म्हणाले. "कॉम्प्युटरच्या करंटवर चालतं."

पूर्वी बाबांच्या शेजारी खुर्ची ओढून बसली, अगदी त्यांच्या खांद्याला खांदा लावून. प्रवासाने आणि उकाड्याने तिचा चेहरा लाल झाला होता. कपाळावर केसांची एक बट सुटलेली होती. पंखा समोर फिरत होता आणि ती बट हलत नव्हती. सुजयला ते दिसले. त्याने नजर भिंतीवरच्या फुलाकडे वळवली.

"सुजय, तू बसलायस का रे कधी इथं?"

"मी कशाला बसू? मला काय दम लागतो?"

"तसं नाही रे. नुसता चेहरा—"

"बाबांना विचार ना, ताई. त्यांच्यासाठी आहे ते."

"येतो गं वारा," बाबा म्हणाले. "छान येतो. पोराच्या... उगाच पाठी लागू नको." एवढे बोलायला त्यांना तीन ठिकाणी थांबावे लागले.

पूर्वी उठून स्वयंपाकघरात गेली. तिने दुपारी भात लावला, बाबांची नखे कापली, आणि ऊन कलल्यावर निघाली. सुजय तिला फाटकापर्यंत सोडायला गेला. सोनचाफ्याखाली ती थांबली.

"मी त्यांना पळवून नेत नाहीये."

"माहितीये मला."

"तिकडे तूही ये ना. काम काय, कुठंही मिळेल तुला." तिने आवाज उतरवला. "एकट्यानं राहायची भीती वाटते का तुला?"

सुजयने टाचा उंचावून एक फूल खुडले आणि तिच्या हातात दिले. तिने ते केसांत खोवले नाही. मुठीत धरून रिक्षात बसली.

*

त्यानंतरच्या मंगळवारी, साडेआठच्या आतच, दुकानातला फोन वाजला. सॅन्टनने ऐकले आणि न बोलता रिसीव्हर पुढे केला, तेव्हाच सुजयला कळले.

"मी पुतलाबाय बोलतंय," पलीकडून मोठा आवाज आला. पुतळाबाई कळंबहून डोक्यावर पाटी घेऊन दारोदार मासळी विकायला येई. बाबांसाठी दोन बोंबील बाजूला काढून ठेवणारी. "भिंतीवर नंबर लिवलाय त्यो लावला. लवकर ये बाबा. मिस्तरींचा जीव वर आलाय."

रिक्षाने तो पोचला तोवर डॉक्टर इंजेक्शन देऊन गेले होते. बाबा खुर्चीत मागे रेलले होते, राखेच्या रंगाचे, पण श्वास घेत होते. मासळीची पाटी दारात उतरवलेली, तिच्यावर माश्या. पुतळाबाई स्टुलाला वळसा घालून बाबांजवळ उभी होती आणि लॅपटॉपखालच्या पुठ्ठ्याने त्यांना जोरजोराने वारा घालत होती. लॅपटॉप जमिनीवर ठेवलेला होता. उन्हाची पट्टी केव्हाच भिंतीवरून निघून गेली होती.

"पानी पाजलं त्यांना घोटभर," ती म्हणाली. "रोज मी येतंय तवा सोताच घालत बसलेलं असतात वारा, या पुठ्ठ्यानं. आज हातच उचलंना त्यांचा."

"रोज?"

"मंग! तू गेलास का सुरू. मला सांगतात, पोराला बोलू नको."

सुजयने पंख्याकडे पाहिले. "हा... हा पंखा चालू होता ना पण?"

"व्हता की," पुतळाबाई पुठ्ठा हलवतच म्हणाली. "फिरत व्हता बापडा."

ती गेल्यावर तो मोरीत गेला, हात धुतले आणि धूतच राहिला. आजारी माणसाच्या हाताला चाळा लागतो, त्याने स्वतःला सांगितले. पुतळाबाईला काय कळते यातले. बॅटरी आज लवकर उतरली असेल. त्याने येऊन लॅपटॉपचा हिरवा दिवा पाहिला. तो जळत होता.

संध्याकाळी बाबांना बोलता येऊ लागले.

"पूर्वीला फोन लाव," ते म्हणाले.

"बाबा, सॅन्टनकडे बारा व्होल्टची बॅटरी आहे. मी उद्या आणतो. उद्या कशाला, आत्ता जातो—"

"सुजू. लाव फोन."

त्याने नंबर फिरवला. पलीकडे घंटा वाजत असताना बाबा त्याच्याकडे पाहत नव्हते, खिडकीबाहेरच्या विहिरीकडे पाहत होते. "तुझी मोटार चांगली हाय," ते हळूच म्हणाले. "लोड जास्ती झाला तिला."

*

शनिवारी जावयांनी टॅक्सी आणली. बाबांचे सामान एका पिशवीत मावले. पूर्वीने त्यांना खुर्चीतून उठवले, तेव्हा त्यांनी तिचा हात सोडवून घेतला, स्टुलाशी वाकले आणि पंख्याच्या पात्याला बोट लावले. पिन जोडलेली नव्हती. पाते अर्धा फेरा फिरले आणि थांबले. बाबांनी मान हलवली. चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या विहिरीवरून काम संपवून निघताना हलवीत तशी. मग ते टॅक्सीपर्यंत, कुणाचा आधार न घेता, दोनदा थांबत, चालत गेले.

सोमवारी ऊन पुन्हा ताडांवर आले. केळीवर उतरले, कठड्यावर बसले, तिथला ओलावा सुकण्याची वाट पाहत राहिले. मग चार पट्ट्या जमिनीवर पडल्या. पहिली खुर्चीच्या पायाशी. दुसरी, जिथे चपला असत, त्या रिकाम्या कोब्यावर. चौथी भिंत चढली आणि आईच्या काचेला टेकली. छताचा पंखा कण्हला आणि थांबला. "गेली" असे कुणी म्हणाले नाही. पाठीमागून कुठलाच आवाज उघडा पडला नाही.

सुजयने लॅपटॉपचे बटण दाबले. पाच मिनिटे थांबला. पिन सरकवली, तर्जनीने पात्याला ढकलले. भिंतीवर फूल गरगरू लागले. तो बराच वेळ त्याच्याकडे पाहत उभा राहिला. मग स्टुलाला वळसा घालून बाबांच्या खुर्चीत बसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

इथून फूल दिसत नव्हते. ते खुर्चीच्या पाठीमागच्या भिंतीवर पडत होते. इथून दिसत होता फक्त एक लहान काळा पंखा, आणि त्याच्या पलीकडे खिडकीतले स्तब्ध ऊन.

खुर्चीच्या कापडात बाजूला काहीतरी टोचले. तो पुठ्ठा होता. त्याचा एक कोपरा, मुठीत धरायचा, कापडासारखा मऊ झाला होता आणि त्यावर चार बोटांचे, घामाने काळपट झालेले डाग होते. सुजयने त्या डागांवर आपली बोटे ठेवली. ती नीट बसली.

पुठ्ठा मांडीवर ठेवून त्याने उजवा हात पुढे केला. बाबांचा चेहरा जिथे असे तिथे, पाइपाच्या तोंडाशी धरावा तसा, तळवा उघडा करून धरला. बाहेर केळीचे एकही पान हलत नव्हते. कळंबकडचा वारा यायला अजून तीन तास होते. हात दुखू लागेपर्यंत त्याने तो तसाच धरून ठेवला.

पंखा फिरत होता. वारा येत नव्हता.